परसूच्या नातवाचं पंख्याचं विमान

न्हाय, पण मला एक सांगा, विमानाला कोण हात करतंय काय हो? बसला करतेत, समजलं. वडापला करतेत, ते तर हात न करता बी थांबतंय, आत जागा नसली तर टपावर घेतंय. पण विमान? ते काय खाली येऊन 'बसा आप्पा, जरा सरकून घ्या' म्हणणार हाय? आणि आमचा परसू रोज... रोज म्हंजे रोज, रविवार न्हाय, अमावास्या न्हाय... धा वाजून चाळीस मिनिटांनी गल्लीच्या मधोमध येऊन उभा ऱ्हातोय, डोळ्यांवर डावा हात आडवा, उजवा हात वर, आणि असा हलवतोय... असा! म्हशीच्या शेपटीगत! का? तर वरनं नातू चाललाय! साईराज! पायलट!

आपल्याला काय करायचंय म्हणा!

तुम्हाला सांगतो, मी भावकू, वय बहात्तर, शिक्षण चौथी नापास. मास्तर पास करूलालते, मीच नको म्हणलं. गाव आमचं सांबऱ्याच्या, म्हंजे बेळगावच्या विमानतळापासनं चार मैलांवर, त्यामुळं विमान आमच्या डोक्यावर आलं की चाकं खाली काढतंय, कोंबडीनं पाय काढावं तशी. आणि परसू माझा शेजारी. भिंतीला भिंत. आमच्या दोघांत एका दिवसाचं अंतर. त्यो सोमवारी जन्मला, मी मंगळवारी. तवापासनं त्येचं सगळं एक दिवस आधीच! मुंज... न्हाय, मुंज आमच्यात नसती, पण असती तर त्येचीच आधी झाली असती! लगीन त्येचं आधी. बैलजोडी त्येची आधी. आवो, मोतीबिंदू बी त्येला आधी! मला झाला तवा एक माणूस बघायला आलं न्हाय. म्हणाले, 'परसूआण्णाचा बघून आलोय की, सेम असंल.'

आणि विमान तरी कसलं? लई मोठं व्हय? न्हाय. पंख्याचं! ह्या अंगाला एक पंखा, त्या अंगाला एक पंखा, गरागरा गरागरा. सुगीत धान्य वारं देतेत तसलं. सत्तर माणसं बसतेत. सत्तर! सत्तर तर आमच्याकडनं यल्लम्माच्या जत्रंला एका ट्रॅक्टरात जातेत, वर कोंबड्या वेगळ्या. बेळगाव-हैदराबाद, हैदराबाद-बेळगाव, मधी कवातरी बेंगळूर... मी परसूला तोंडावर म्हणलं, 'परश्या, तुझा नातू पायलट न्हवं रं, वडाप डायवर हाय. वरच्या रस्त्याचा.' आता माणसानं चिडावं की न्हाय? टोमणा मारल्यावर चिडणं हे समोरच्याचं काम हाय, त्याशिवाय टोमण्याला काय अर्थ? तर ह्यो हसला! 'व्हय रं भावक्या, पण त्या रस्त्याला खड्डं न्हाईत बघ!'

माझ्या पोटात असा खड्डा पडला म्हणून सांगू...

आणि वरनं रोज साईराजच असतोय काय? तेबी न्हाय! आठवड्यातनं दोन-तीनदा त्यो असतोय, बाकीच्या दिवशी कोण पंजाबी असतोय, कोण मद्राशी असतोय, आणि ह्यो सगळ्यांना हात करतोय! मी म्हणलं, 'आज तुझा न्हाय त्यो.' म्हणतोय कसा, 'नसंना. कुणाचातरी नातू असंलच की.' बघा! म्हंजे जळायचं म्हणलं तर नीट जळू बी देत न्हाय माणूस!

एकदा म्हणलं ह्येची जिरवायचीच. गेलो, गप्प बसलो, तंबाखू मळली, आणि सुम्नंच, उगं बोलल्यागत बोललो, 'परश्या, मी असं ऐकलंय की वरनं पायलटला पांढरं दिसत न्हाय. फक्त लाल दिसतंय.' झालं! दुसऱ्या दिवशी गडी ताराबाईचं लाल इरकल घेऊन रस्त्यावर. ताराबाई त्येची बायको, ती मागनं वरडूलालीय, 'आवो, माझं लग्नाचं हाय ते!' आणि ह्यो इरकल गरागरा फिरवूलालाय. विमान गेलं निघून. पण मागनं बस येऊलालती, सरकारी! डायवरनं लाल बघून असा ब्रेक मारला की आतलं बाजाराचं वांगं-टमाटं सगळं पुढच्या काचंवर! आणि त्यो मुंडकं भाईर काढून, 'ए मुदुका! हुच्च हिडदैतेन?' म्हंजे म्हाताऱ्या, येड लागलंय काय? मी भिंतीआड पोट धरून हसूलालोय...

तर परसूनं काय करावं? बसजवळ गेला आणि डायवरला कन्नडातनं सांगितलं, 'वर माझा नातू हाय.' झालं की! डायवर खाली उतरला. कंडक्टर उतरला. सगळी बस उतरली, आणि वर बघूलालीय! डायवर परसूचा हात हातात घेऊन म्हणतोय, 'पायलट? आमच्या हितला?' आणि एका बाईनं टमाटं दिलं ह्येला. किलोभर! जिरली कुणाची? मलाच टमाट्याचं सार खायला बोलावलं रात्री. लई झकास झालतं, ते सोडा.

आपल्याला काय करायचंय म्हणा!

मग ह्येनं एकदा विमानात बसून बी बघितलं. नातवानं न्हेलं, हैदराबाद, सकाळी जाऊन सांजच्याला परत. हैदराबादेत काय बघितलंस? तर विमानतळ. बस्स. पण आल्यापासनं बारशात, बाराव्यात, कुठं बी बसलं की सुरू, 'ढग असं कापसागत...' आरं, आम्ही काय कापूस बघितला न्हाय? आणि खुर्चीच्या खिशातलं चित्राचं कार्ड उचलून आणलंय गड्यानं, विमान पडलं तर जीव कसा वाचवायचा ते. फ्रेम करून देव्हाऱ्यात लावलंय! हिकडं अंबाबाई, तिकडं जोतिबा, आणि मधी पिवळं जाकीट फुंकणारी बाई! ताराबाई तिला बी हळद-कुकू लावती!

ते बी सोसलं मी. पण मला काय म्हणावं त्येनं? 'भावक्या, वरनं तुझं घर दिसलं रं. काडेपेटीएवढं. मागच्या अंगाचा पत्रा गंजलाय बघ तुझा.' आता सांगा! बहात्तर वर्षं मी त्या घरात ऱ्हातोय, मला म्हाईत न्हाय पत्रा गंजलाय, आणि ह्यो वरनं बघून आला! शिडी लावून चढलो, कंबर धरली... आणि गंजलाच हुता हो पत्रा.

आमची जयाबाई, म्हंजे आमची मंडळी, ती म्हणती, 'आवो, जळून जळून कोळसा झालाईसा. आपला विक्रम काय कमी हाय काय?' विक्रम माझा नातू. मच्छ्याला, बेळगावच्या पल्याड, कारखान्यात हाय, त्यो बी काय कमी न्हाय, फोर्कलिफ्ट चालवतोय! ते पुढं दोन दात असलेलं यंत्र, माल उचलून वर ठेवतंय ते. मी गल्लीत सांगून आलो, 'परसूचा नातू माणसं उचलतोय, आमचा विक्रम लोखंड उचलतोय. दोन टन!' परसू म्हणाला, 'किती वर न्हेतोय?' मी म्हणलं, 'साडेतीन मीटर.' त्येनं नुसतं वर बघितलं.

नुसतं वर बघितलं!

बरं. आता मुद्द्यावर येतो, तुम्ही म्हणाल म्हातारं गिरक्याच घेऊलालंय. गेल्या महिन्यात साईराजला दोन पत्रं आली. एक त्येच्याच कंपनीचं, त्या पंख्याच्या. तिला आपण धाकली म्हणू. धाकली म्हणती, सात वर्षं हितंच ऱ्हाईन म्हणून सही कर, वर्षाच्या आत तुला कॅप्टन करतो, खांद्यावर तीन पट्ट्या हाईत त्येच्या चार हुतील, आणि मुक्काम बेळगावला. म्हंजे आता त्यो हैदराबादला खोलीत ऱ्हातोय, सुट्टीला घरी येतोय, तसं न्हाय. आपल्या घरातनं उठायचं, आईच्या हातचा चहा प्यायचा, विमान उडवायचं, परत घरी. दुसरं पत्र थोरल्या कंपनीचं. पंखा न्हाय, जेट! पगार दुप्पट. आज दिल्ली, उद्या दुबई. पण तिथं परत सगळ्यांच्या मागं रांगंत उभं ऱ्हायचं, कॅप्टन व्हायला धा वर्षं, आणि घरी यायचं ते दिवाळीला, मिळाली तर.

सोमवारी उत्तर द्यायचं हुतं. आणि आमच्या गल्लीत ज्येला सायकलचं पंक्चर काढता येत न्हाय त्यो बी विमानावर बोलूलालता. एक म्हणाला, 'पंख्याचं बंद पडलं तर पंखा हातानं फिरवता येतोय, जेटचं अवघड हाय.' दुसरा म्हणाला, 'सात वर्षांत धाकलीच बुडाली तर? सही चाटत बसायची?' हे जरा बरोबर हुतं. साईराजची आई माधवी, ती काय बोलत न्हवती, नुसती पोळ्या लाटूलालती, एकावर एक, खायला कोण नसताना बी. परसूला तर नातू हितंच पाहिजे हुता. आणि मला?

मला त्यो लांब जायला पाहिजे हुता! खरं सांगतो, तुमच्याफुडं काय लपवायचं? लांब! दुबई, दिल्ली, जमलं तर अमेरिका! एकदा का वरनं जायचा बंद झाला की परसूचा हात खाली आला, आणि हात खाली आला की आम्ही दोघं परत सारखं. दोघांची बी नातवंडं लांब, दोघांची बी घरं रिकामी, बसा कट्ट्यावर, मळा तंबाखू. एवढंच.

आता आमच्याकडं असं काय अडलं की कौल लावायची रीत. लगीन ठरवायचं, कौल. हीर खणायची, कौल. म्हस इकायची, कौल. रवळनाथाच्या मूर्तीवर गुरव दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवतोय, एक उजवीकडं, एक डावीकडं. गाऱ्हाणं घालतोय. मग सगळी टक लावून बसतेत. उजवी आधी पडली, देव व्हय म्हणाला. डावी पडली, न्हाय म्हणाला. संपलं, परत तोंड उघडायचं न्हाय. परसूनं ठरवलं, रविवारी सकाळी कौल लावायचा, लेकरानं हितं ऱ्हावं काय? मी म्हणलं, 'आरं, देवाला विमानातलं काय कळतंय?' तर म्हणतोय, 'त्यो वरच ऱ्हातोय की!' ह्या माणसाला उत्तरं कोण शिकवतंय मला कळत न्हाय!

मी काय केलं? शनिवारी बेळगावला गेलो. अर्धा किलो कुंदा घेतला, साजूक तुपातला. आणि आलो मष्णूकडं. मष्णू आमचा गुरव. बोलायला एकदम सावकाश, एका शब्दाला एक चहा पिऊन हुतोय. म्हणलं, 'मष्णू, कुंदा आणलाय.'

'हं... कुठल्या... दुकानातला?'

'चांगल्या. आणि हे बघ, उद्या ती उजवी पाकळी जरा दमानं चिकटव.'

'म्हंजे?'

'म्हंजे पडूच नये अशी.'

'आण्णा... देवाचं काम हाय हे...'

'कुंदा बी देवालाच हाय. नैवेद्य दाखव आणि तू संपव.'

त्येनं एक घास तोंडात घातला, डोळं मिटलं, आणि म्हणाला, 'गुळाचा पाक... लावतो. पाण्यापेक्षा... धरतोय.'

झालं काम! उजवी चिकटून ऱ्हाणार, डावी पडणार, देव न्हाय म्हणणार, साईराज दुबईला, परसू कट्ट्यावर. रात्री मला अशी झोप लागली... जयाबाईनं हलवून बघितलं म्हणं, हाय का गेला!

रविवारी देवळात ही गर्दी! मी मुद्दाम पुढं बसलो. परसू माझ्या शेजारी, पांढरं धोतर, कपाळाला भंडारा, आणि चेहरा असा निवांत... मला जरा शंका यायला पाहिजे हुती तवाच. मष्णूनं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं, 'हे बारा वाटांच्या धन्या, रवळनाथा म्हाराजा... ह्यो परसूचा नातू... वाऱ्यावर पोट भरतोय... त्येला धाकली बी बोलवूलालीय... थोरली बी बोलवूलालीय...' मागं एक पाव्हणी बाई कुजबुजली, 'अगं बया, दोन-दोन?' 'धाकलीपाशी ऱ्हाऊ दे म्हणत असशील तर उजवा दे... नको म्हणत असशील तर डावा दे... आणि वाटंत ढग-बिग आलं तर बाजूला कर, म्हाराजा!'

आणि बसलो बघत.

पाच मिनिटं. धा मिनिटं. उजवी हलत न्हाय, ते मला म्हाईत हुतं. पण डावी? डावी बी हलत न्हाय! पाऊण तास झाला. साईराज घड्याळ बघूलालाय, त्येला संध्याकाळी ड्यूटी. लहान पोरं झोपली. मी मनात म्हणूलालोय, पड की गं बाई, पड की! आणि शेजारी परसूचं ओठ बी हलूलालेत, पड की, पड की! मी त्येच्याकडं बघितलं. त्यो उजवीकडं बघूलालाय, मी डावीकडं. आणि मष्णू? मष्णू आमच्या दोघांकडं सोडून सगळीकडं बघूलालाय!

तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी परसूच्या कानात म्हणलं, 'काय न्हेलतास?'

परसू समोर बघूनच म्हणाला, 'करदंट. गोकाकचा. तू?'

'कुंदा.'

बघा! शुक्रवारीच जाऊन आलता! हितं बी एक दिवस आधी! मष्णूनं ह्येचा डिंका-काजूचा करदंट खाल्ला आणि डावी गुळानं चिकटवली, माझा कुंदा खाल्ला आणि उजवी गुळानं चिकटवली. दोघांचं खाल्लं, दोघांचं काम केलं. एवढा सचोटीचा माणूस उभ्या तालुक्यात सापडायचा न्हाय!

आणि मग आल्या मुंग्या. पयलं एक. मग दोन. मग देवाच्या पायापासनं वर अशी काळी रेघच! बायकांनी हात जोडलं, 'देव जागा झाला गं!' जयाबाईनं मात्र नाक पुढं काढलं, हुंगलं, आणि माझ्याकडं बघितलं. पन्नास वर्षं संसार केलेली बाई, नुसतं बघितलं की मी कबूल हुतोय. मुंग्या दोन्ही बाजूला गेल्या, गूळ खाल्ला, आणि दोन्ही पाकळ्या पट्‌दिशी एकदम खाली! एकदम! आता ह्येचा अर्थ काय? सगळं देऊळ मष्णूकडं बघूलालंय. मष्णूनं तोंडातला शेवटचा कुंदा गिळला आणि म्हणाला, 'देव म्हणतोय... तुमचं... तुम्ही बघा.'

आपल्याला काय करायचंय म्हणा! मी आलो घरी. गोठ्यात बसून वैरण तोडूलालतो, तर पुढं बूट. काळं, चकचकीत. वर बघितलं, साईराज. ड्यूटीचा पांढरा शर्ट, पट्ट्या. म्हशीनं बी तोंड वर केलं, एरवी माझ्याकडं बघत न्हाय ती.

'भावकूआजा, गूळ तुमचाच न्हवं?'

'अर्धा,' मी म्हणलं.

त्यो हसला आणि वैरणीच्या पेंडीवर बसला, इस्त्रीची पँट घालून. म्हणाला, 'आजा, उद्या सही करायची हाय. मला सगळी आपापल्या सोयीचं सांगूलालीत. आज्जा म्हणतोय ऱ्हा. आई काय बोलत न्हाय, म्हंजे ऱ्हाच. माझे मित्र म्हणतेत येडा हाईस काय, जेट सोडून पंखा कोण धरतंय? मलाच कळंना झालंय. चार वर्षांत त्याच चार गावांना जाऊन कंटाळतोय बी, आणि दिल्लीच्या खोलीत कुकर लावून एकटं जेवायचं म्हणलं की जावं बी वाटत न्हाय. सगळी कौतुक करतेत, कौतुकातनं काय कळत न्हाय. ह्या गावात माझ्यावर मनापासनं जळणारा माणूस एकच हाय.'

'कोण रं त्यो?' मी म्हणलं.

'तुम्ही.'

मी खाली बघून जोरानं वैरण तोडायला लागलो.

'म्हणून तुम्हाला इचारायला आलोय. जळणाऱ्याला बरोबर कळतंय कुठं काय चांगलं हाय ते. खरं सांगा आजा, मी कुठं गेलो तर तुम्ही जास्त जळशीला? दुबईला जेट घेऊन गेलो तर, का हितं कॅप्टन होऊन घरात ऱ्हायलो तर? जिथं तुम्ही जास्त जळशीला तिथं मी सही करतो.'

आवो, कोयता हातातच ऱ्हायला माझ्या! आयुष्यात लई जणांनी मला लई काय काय म्हणलंय, पण असा मान कुणी दिला न्हवता. देवानं सांगितलं न्हाय ते हे पोरगं माझ्या पोटदुखीला इचारूलालंय!

मी इचार केला. दुबईला गेला तर? आठ दिवस जळीन. मोठं विमान, मोठी गावं, पण दिसणार न्हाय डोळ्याला, आणि जे दिसत न्हाय त्येच्यावर किती दिवस जळायचं? लाकूड तरी पाहिजे की. पण हितं ऱ्हायला तर... म्हंजे उत्तर सरळ हुतं. पण सरळ सांगायचं कसं? सांगितलं आणि ऱ्हायला तर मी मेलो! दुबई म्हणावं, तर दुसरीच अडचण. माझ्यावर गावात कोण इश्वास ठेवत न्हाय. इतकी वर्षं एकेकाला टोप्या घातल्यात की आता मी 'पाऊस येतोय' म्हणलं की बायका मिरच्या वाळत घालतेत! मी 'दुबई' म्हणलं की हे पोरगं उलटं धरणार आणि हितंच ऱ्हाणार. मग करायचं काय?

खरं सांगायचं! हाय की न्हाय डोस्कं? खरं सांगायचं, 'हितं ऱ्हा' म्हणायचं, त्यो म्हणणार म्हातारं फसवूलालंय, आणि उलटा जाणार. दुबईला! मला मनात एवढं हसू फुटूलालतं की म्हशीच्या आड तोंड लपवलं.

आणि सांगितलं. म्हणलं, 'साईराज, तू हितं ऱ्हायलास तर जास्त जळीन मी. ते जेट-बिट जाऊ दे. तू रोज ढगातनं येणार, आणि चाकं टेकली की घरात येऊन आज्जाच्या ताटाशेजारी ताट घेऊन आमटी-भाकरी खाणार. आमचा विक्रम मच्छ्यात हाय रं. बारा मैल. मधी ढग न्हाईत, काय न्हाय, सडक हाय चांगली. महिन्यातनं एकदा येतोय, आणि मोबाईल चार्ज हुईस्तर थांबतोय. जयाबाई मुद्दाम त्येला बिघडलेला चार्जर देती, सावकाश चालणारा. तू वाऱ्यावरनं घरी येतोस, त्येला रस्त्यावरनं येता येत न्हाय. ह्येच्यावर जळायचं न्हाय तर कशावर जळायचं?'

एवढं मी बोलणार न्हवतो. तीन वाक्यंच ठरवलीती. ते पुढचं कुठनं आलं काय की... वैरणीची धूळ डोळ्यात गेलती, त्यामुळं नीट काय दिसना बी झालतं.

साईराज उठला. पँट झाडली. माझ्या पायाला हात लावला आणि गेला. मी म्हणलं, झालं! दुबई पक्की! म्हशीला जादा पेंड घातली मी त्या दिवशी.

सोमवारी दुपारी भाईर ही गडबड! बघतोय तर परसू, ताराबाई, माधवी, आणि मागं गल्ली. मला वाटलं रडत आल्यात, पोरगं चाललं म्हणून. म्हणलं आता दोन शब्द धीराचं बोलावं, तयारी बी केलती, 'आरं परश्या, पाखराला पंख फुटलं की...' असं कायतरी. तर परसूनं येऊन मला अशी मिठी मारली की बरगडी वाजली! 'भावक्या, तू ठेवलास रं माझा नातू! त्येनं सकाळीच सही केली. सात वर्षं! म्हणाला, भावकूआजानं सांगितलं म्हणून ऱ्हायलो!' माधवी पाया पडली. ज्या बाईनं महिनाभर तोंड उघडलं न्हवतं ती रडूलालीय, आणि ताराबाई माझ्या तोंडात पेढा कोंबूलालीय, आणि परसूनं काखेतनं काढली शाल! शाल! माझ्या अंगावर! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. जयाबाई दारात उभी ऱ्हाऊन पदरात तोंड घालून हसूलालीय, तिला सगळं कळलं हुतं.

सकाळच्या विमानानं परत आलेला साईराज मागं उभा हुता, त्येला मी बाजूला घेतलं. म्हणलं, 'लेका, माझ्यावर इश्वास कसा ठेवलास? गावात कोण ठेवत न्हाय!' तर म्हणतोय, 'आजा, विमानात एक काटा बिघडला तर आम्ही दुसऱ्या काट्याकडं बघतोय. तुमच्या तोंडावर माझा इश्वास न्हवताच. मी तुमच्या डोळ्यांकडं बघूलालतो.'

आता बसतो मी शाल पांघरून. उन्हाळ्यात बी पांघरावी लागती, न्हायतर परसूला वाईट वाटतंय. सात वर्षं, म्हंजे मी एकोणऐंशीचा होईपर्यंत! आणि काय सांगू तुम्हाला... बहात्तर वर्षं खोटं बोलून गावाला फसवलं, कधी कायसुद्धा झालं न्हाय. एकदाच, आयुष्यात एकदाच खरं बोललो... आणि त्यात मीच फसलो!